बसायचे पैसे वेगळे

रोममध्ये मायकेलअँजेलो फुकट पाहता येतो, काराव्हाज्जो फुकट पाहता येतो, बर्निनी तर भर चौकात कारंज्यांवर उघडाच ठेवलेला आहे. पैसे पडतात ते बसायला. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो. तोच माणूस तीच कॉफी त्याच कपातून चार पावलं चालून बाहेरच्या टेबलावर ठेवतो तेव्हा ती चार-पाच युरोंची होते, आणि त्या टेबलावरून पियात्सा नवोना दिसत असेल तर आणखी थोडी. मधल्या चार पावलांत कॉफीला काहीही झालेलं नसतं. तुम्ही बसलेले असता, एवढंच.

यात फसवणूक अजिबात नाही. दरांची यादी दुकानात लावलेली असते. ती वाचायला मात्र उभं राहावं लागतं, आणि बसलेला माणूस ती वाचत नाही. रोमचे लोक उभ्यानेच पितात. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती काउंटरवर ठेवायची, दोन घोटांत कप रिकामा करायचा आणि चालू लागायचं. सगळा व्यवहार दीड मिनिटात आटोपतो. खुर्च्या बाहेर मांडलेल्या असतात त्या पाहुण्यांसाठी.

आमच्या चौघांत हे गणित सर्वांत आधी साडूंना सुटलं. ते सहकारी बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाकडे संशयाने पाहिल्यामुळे स्वतःच्या खर्चाकडे पाहताना त्यांची नजर आणखी बारीक होते. एका टूर कंपनीचं ‘आठ देश’वालं पत्रक त्यांनी लाल पेनने तपासलं होतं. ‘बाहेरून दर्शन’ हे शब्द जिथे जिथे आले तिथे खूण करून समासात लिहिलं होतं, ‘बाहेरून पाहायला मध्यस्थ कशाला?’ त्यातून असं ठरलं की एकच शहर घ्यायचं, आपल्या पायांनी आणि आपल्या डब्यासह. शहर रोम, कारण साडूंच्या मते दोन हजार वर्षं जुन्या मालमत्तेचा घसारा केव्हाच पूर्ण झालेला असणार, तेव्हा पाहायचे दर कमीच असतील.

त्यांच्या खिशात एक वही होती. वहीत तीन रकाने होते: जमा, खर्च आणि वाचले. जमेचा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला, खर्चाचा जेमतेम भरला, पण ‘वाचले’ला मात्र जोडपान लावावं लागलं. विमानतळावरून शहरात येणारी लिओनार्दो एक्स्प्रेस माणशी १४ युरो घेते. बस साधारण निम्म्यात आणते. आम्ही अर्थात बसमध्ये. रहदारीत बस तुंबली असताना साडूंनी मांडीवर वही ठेवून पहिली नोंद केली, ‘एक्स्प्रेसमध्ये न बसल्याने वाचले: २८ युरो.’ युरो शंभरीच्या आसपास आल्यापासून गुणाकार सोपा झालाय, नुसती दोन शून्यं लावायची. रुपया घसरल्याचा सामान्य प्रवाशाला झालेला हा एकमेव फायदा.

वहीतला ‘वाचले’चा रकाना हा मोठा धोकादायक प्रकार आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ज्या वस्तू आपण घेतल्याच नसत्या त्याही तिथे जमा होऊ लागतात. एका दुकानाच्या काचेत चामड्याची पिशवी होती, किंमत ३८० युरो. साडू तिच्यासमोर थांबले, समाधानाने हसले आणि वही काढली. ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, ती पिशवी खरोखरच आवडली होती. त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

पण रोममध्ये एक गोष्ट अशी आहे की तिथे कुणालाही काही वाचवावं लागत नाही, ती म्हणजे पाणी. शहरभर दोन हजारांहून जास्त ओतीव लोखंडी नळ रस्त्याच्या कडेला उभे आहेत. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली, आणि बाकदार तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठं नाक, म्हणतात. डोंगरातल्या झऱ्यांचं थंडगार पाणी त्यांतून दिवसरात्र वाहतं. बहुतेकांना बंद करायची चावीच नाही. हे चावी नसणं साडूंना सोसवेना. पहिल्या नळापाशी त्यांनी खालून, मागून, बाजूने चाचपून पाहिलं आणि ‘अहो, वाया जातंय हो सगळं!’ असं कळवळून म्हणाले. जाणकार माणूस त्या तोटीचं तोंड बोटाने दाबतो. मग तोटीच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते, तिला तोंड लावायचं. साडूंनी बोट दाबलं तेव्हा धार उसळली ती समोर नकाशा वाचत असलेल्या एका परदेशी बाईंच्या चष्म्यावर. ऊन इतकं होतं की त्या ‘ग्रात्सिए’ म्हणाल्या.

रेस्तराँत पाण्याची बाटली दोन-तीन युरोंना पडते. म्हणून साडू प्रत्येक नळापाशी बाटली भरत, आम्हा सगळ्यांना आग्रहाने पाजत आणि अडीच युरो वाचल्याची नोंद करत. दुपारपर्यंत आम्ही चौघांनी मिळून मोठ्या रकमेचं पाणी प्यायलं होतं.

मग पाण्याने आपला हिशेब मागितला. सार्वजनिक स्वच्छतागृहाला एक युरो. पाणी येताना फुकट आणि जाताना माणशी एक युरो, चौघांचे चार, आणि उन्हाळ्यात दुपारी पुन्हा चार. साडूंच्या चेहऱ्यावर ऑडिटमध्ये जुना घोटाळा सापडल्याचे भाव आले. उपाय ताईंनी काढला. बारमध्ये शिरून उभ्याने कॉफी घ्यायची, गिऱ्हाइकाला आतली सोय फुकट. म्हणजे वरच्या पंचवीस-पन्नास सेंटांत कॉफी पडली. उपाय बिनतोड होता. फक्त त्या कॉफीने पुढच्या बारची तजवीज आधीच करून ठेवलेली असायची, आणि अशा रीतीने आम्ही एका सोयीपासून दुसऱ्या सोयीपर्यंत टप्प्याटप्प्याने प्राचीन रोम पाहिलं.

या व्यवहारातला रोमचा अनुभव जुना आहे. इसवी सन ६९ ते ७९ या काळात राज्य करणाऱ्या सम्राट व्हेस्पासियनने लघवीवर कर बसवला होता. थट्टा नाही. त्या काळचे धोबी आणि कातडं कमावणारे सार्वजनिक मुताऱ्यांतला माल गोळा करून नेत. त्यातल्या अमोनियाने लोकांचे टोगे स्वच्छ निघत. सम्राट म्हणाला, धंदा आहे ना, मग कर भरा. त्याचा मुलगा टायटस याला हे फारच ओंगळ वाटलं. बापाने त्या करातून आलेलं नाणं मुलाच्या नाकाशी धरलं आणि वास येतो का म्हणून विचारलं. रोमन चरित्रकार सुएटोनियसने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. मी ती साडूंना तेर्मिनी स्टेशनच्या स्वच्छतागृहात शिरायच्या फिरत्या दांड्यापाशी सांगितली. त्यांनी हातातला युरो निरखून पाहिला. मागची रांग खोळंबली. व्हेस्पासियनबद्दल त्यांच्या मनात त्या क्षणी जो आदर उत्पन्न झाला तो परतीच्या विमानापर्यंत टिकला.

कोलोसियम याच व्हेस्पासियनने बांधायला काढलं. पुरं व्हायच्या आत तो वारला आणि इसवी सन ८० मध्ये टायटसने ते उघडून शंभर दिवस खेळ लावले. जेरुसलेमच्या लुटीचा पैसा हाताशी होता, त्यामुळे रोमच्या प्रजेला प्रवेश फुकट. पन्नासेक हजार माणसं बसत. सिनेटर पुढे, बायका आणि गरीब सर्वांत वर, पण बसत सगळेच. वर उन्हासाठी कापडी छत, आणि त्याचे दोर ओढायला आरमारातले खलाशी नेमलेले. म्हणजे पाहणं फुकट, बसणं फुकट, सावली फुकट. आज साधं तिकीट १८ युरो आहे, आणि बसायचे संगमरवरी बाक मधल्या शतकांत लोकांनी आपापली घरंदारं बांधायला उपटून नेलेले आहेत. प्रगतीचा हा टप्पा साडूंना कुणी नीट समजावून सांगू शकलं नाही.

मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं फुकट असतात, कोलोसियमसुद्धा. साडूंनी आमच्या प्रवासाच्या तारखा या रविवारभोवती बसवल्या होत्या. त्यासाठी विमानाचं तिकीट दोन दिवस पुढे सरकवलं तेव्हा भाडं वाढलं. ते वहीच्या तिन्ही रकान्यांत कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, तो प्रवासखर्च, हा स्थलदर्शनखर्च, दोन वेगळी खाती आहेत.

त्या रविवारी सगळ्या जगाने हाच विचार केला होता. रांग पाहून माझी बायको म्हणाली, ‘भावोजी, राहू द्या.’ साडू म्हणाले, ‘आषाढीला पंढरपुरात रात्रभर उभा राहिलेला माणूस आहे मी. ही रांग म्हणजे मुखदर्शन.’ पंढरपुरात निदान रांगेत चहा फिरतो. इथे रांगेच्या बाजूने फिरत होते ते ग्लॅडिएटर: प्लास्टिकचं चिलखत, डोक्यावर लाल तुऱ्याचं शिरस्त्राण, आणि हातातली तलवार अशा सराईतपणे तुमच्या मानेवर ठेवतात की फोटो निघून गेल्यावरच कळतं, व्यवहार झालेला आहे. साडू त्यांना लांबूनच नमस्कार करत.

उभं राहून राहून मान आखडली म्हणून आम्ही वर पाहिलं तर कमानींवर रोमन आकडे कोरलेले होते. ते प्रवेशद्वारांचे क्रमांक. २३ ते ५४ अजून शाबूत आहेत. प्रत्येकाजवळ आपल्या दाराचा क्रमांक असायचा, एकंदर ऐंशी दारं, आणि एवढा जमाव हा हा म्हणता आत जाऊन बसायचा. साडूंनी चौकशी केली, ‘आणि आज किती दारं चालू आहेत?’ मी विषय बदलला. ‘वाचले: ७२ युरो’ ही नोंद वहीत आहे. पण तिच्यापुढे ताईंच्या अक्षरात ‘गुडघे’ असंही लिहिलेलं आहे.

रोमचा सर्वांत बारीक आर्थिक व्यवहार मात्र कोलोसियममध्ये दिसत नाही. त्यासाठी चर्चमध्ये जावं. पियात्सा नवोनाजवळ सान लुईजी देई फ्रान्चेसी नावाचं फ्रेंचांचं चर्च आहे. प्रवेश फुकट. आत डाव्या हाताच्या शेवटच्या देवळीत काराव्हाज्जोने १५९९ ते १६०२ या काळात काढलेली संत मॅथ्यूची तीन भलीमोठी चित्रं आहेत. ज्यांच्यासाठी दुसरं एखादं शहर वेगळं संग्रहालय बांधून वेगळं तिकीट लावील, ती इथे भिंतीवर फुकट टांगलेली आहेत. पण अंधारात. बाजूला एक पेटी आहे. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप जातात.

आता पाहा. त्या देवळीसमोर वीस-पंचवीस माणसं काळोखात उभी असतात. सगळी अत्यंत भक्तिभावाने चित्राकडे पाहत असल्याचं दाखवतात. चित्र दिसत नसतं. सगळ्यांचं लक्ष पेटीकडे असतं. कुणाचा हात खिशाकडे गेला की सगळ्या माना किंचित वळतात. हातातून रुमाल निघाला की माना पुन्हा जाग्यावर येतात. इथे राष्ट्राराष्ट्रांच्या सहनशक्तीची परीक्षा चालू असते. एक तरुण जोडपं मार्गदर्शिका वाचण्याच्या बहाण्याने मोबाइलची बॅटरी लावून चोरून प्रकाश पाडू पाहत होतं. एक आजोबा खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. ते प्रार्थना करत होते की वाट पाहत होते सांगता येणार नाही. साडू माझ्या कानात म्हणाले, ‘त्या टोपीवाल्याकडे लक्ष ठेवा. घाईत आहे. तोच टाकणार.’ आणि खरंच, टोपीवाल्याने घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पुढे झाला. खट्. दिवे लागले. पंचवीस माणसं एका पावलाने पुढे सरकली. टोपीवाला त्यांच्या मागे गेला आणि त्याला चित्र दिसेनासं झालं.

डाव्या भिंतीवरचं चित्र म्हणजे मॅथ्यूला आलेलं बोलावणं. मॅथ्यू हा कर वसूल करणारा माणूस, जकात नाक्यावरचा. टेबलाभोवती पाच जण बसले-उभे आहेत, पुढ्यात नाणी. उजवीकडून ख्रिस्त आत आलाय, त्याने हात उचलून बोट दाखवलंय, त्याच्या मागून प्रकाशाचा पट्टा तिरका आत शिरलाय. तिघे जण चमकून वर पाहताहेत. पण डाव्या टोकाचे दोघे मान वर करायलाच तयार नाहीत. एक तरुण नाण्यांवर ओणवा झालाय, आणि त्याच्या खांद्यावरून एक म्हातारा चष्मा डोळ्यांशी धरून मोजदाद तपासतोय.

साडू त्या म्हाताऱ्याकडे पाहत राहिले. कलेसमोर इतके गप्प झालेले साडू मी याआधी पाहिले नव्हते. ‘साक्षात ख्रिस्त दारात उभा आहे,’ मी म्हटलं, ‘आणि हा बघा.’

‘बरोबरच करतोय तो,’ साडू म्हणाले. ‘मोजणी चालू असताना मान वर केली की चुकते.’

या चित्रात मॅथ्यू नेमका कोण, यावर अभ्यासकांत वाद आहे. बरेच जण म्हणतात, मधला दाढीवाला, जो स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून ‘मी?’ असं विचारतोय. काही म्हणतात, तो स्वतःकडे नव्हे, टोकाच्या तरुणाकडे बोट दाखवतोय, आणि तो खाली मान घालून मोजणाराच मॅथ्यू. साडूंनी वाद जागच्या जागी निकालात काढला, ‘जो मोजतोय तो अधिकारी. बाकीचे नुसते टेबलाशी बसलेत.’ मग ते नाणी मोजू लागले. चित्रातली. ओठ हलत होते, बोट हवेत पुढे सरकत होतं, आणि एवढ्यात दिवे गेले.

काळोखात क्षणभर काहीच झालं नाही. पंचवीस माणसांनी पुन्हा भक्तिभाव धारण केला. आणि मग मला माझ्या शेजारी वेलक्रो उघडल्याचा आवाज आला. साडूंनी स्वतःच्या हाताने पेटीत युरो टाकला. ताईंनी माझ्या बायकोचा दंड धरला. दिवे लागताच जमाव पुढे सरकला तसे साडू दोन्ही हात पसरून आडवे झाले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, ‘थांबा! फुकटे कुठले!’ भाषा कुणालाच कळली नसावी, पण अर्थ पोचला. त्यांना मोजणी पुरी होईपर्यंत सर्वांनी जागा दिली. नोंद ‘खर्च’मध्ये आहे: ‘दिवाबत्ती, १ युरो’. चित्रातल्या नाण्यांचा आकडा त्यांनी आम्हाला सांगितला नाही. गोपनीय असतं म्हणाले.

व्हिंकोलीच्या सान पिएत्रो चर्चमधला मायकेलअँजेलोचा मोझेससुद्धा असाच फुकट. तो ज्या समाधीवर बसलाय तिची कथा मात्र ऑडिटवाल्याने ऐकावी अशी आहे. पोप दुसऱ्या ज्युलियसने १५०५ मध्ये स्वतःसाठी चाळीसेक पुतळ्यांची समाधी काढली. मग पैसे दुसरीकडे वळले, पोप मेला, वारसांनी करार बदलले, पुन्हा बदलले, दर वेळी पुतळे कमी झाले, आणि १५४५ मध्ये भिंतीला टेकलेली एक आटोपशीर समाधी तयार झाली. पोप तिच्यात नाहीच; तो सेंट पीटर्समध्ये आहे. ‘म्हणजे मंजुरी एका कामाला, खर्च दुसऱ्यावर आणि लाभार्थी तिसरीकडे,’ साडू म्हणाले. त्यांना एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

व्हॅटिकन संग्रहालयाचा फुकट रविवार महिन्यातला शेवटचा. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही रविवार एकाच सहलीत बसवले तर मधल्या मुक्कामाचं भाडं किती, हेही साडूंनी घरी मांडून पाहिलं होतं. अखेर ‘न पाहिल्याने वाचले: ८० युरो’ अशी नोंद व्हायची होती, पण दोघी बहिणींनी वहीला न विचारता आपापली तिकिटं काढली आणि सकाळीच निघून गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा चेहरे टवटवीत. सिस्टाइन चॅपेलमध्ये भिंतीलगत बाक आहेत म्हणे. ‘अख्खं छत पाहिलं,’ बायको म्हणाली, ‘बसून.’ शेवटचा शब्द तिने साडूंकडे पाहून उच्चारला.

आम्ही दोघे तोवर स्पॅनिश पायऱ्यांवर उभे होतो. उभेच, कारण २०१९ पासून त्यांच्यावर बसायला मनाई आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पायऱ्यांपैकी एक, बुड टेकायला अत्यंत सोयीच्या, आणि टेकलं की शिट्टी वाजते. दंड अडीचशे युरो, घाण केली तर चारशेपर्यंत. या पायऱ्या अठराव्या शतकात बांधल्या गेल्या त्या एका फ्रेंच मुत्सद्द्याने मागे ठेवलेल्या पैशांतून. खाली स्पेनची वकिलात म्हणून नाव स्पॅनिश. पैसे फ्रेंचांचे, नाव स्पॅनिशांचं आणि दंड इटालियनांचा. साडूंनी वहीत लिहिलं, ‘न बसल्याने वाचले: ५०० युरो (दोघांचे)’, आणि आमच्या सहलीतली ती सर्वांत मोठी बचत ठरली.

तिथून जवळच पास्क्विनो नावाचा एक झिजलेला, हात तुटलेला पुतळा आहे, जवळ म्हणजे रोममधलं जवळ, अर्धा तास पायी. सोळाव्या शतकापासून लोक त्याच्यावर पोपच्या आणि सरकारच्या विरोधातल्या टवाळ कविता चिकटवत आले, अजूनही त्याच्यापाशी लावतात. साडूंना खुर्चीच्या दराबद्दल एक निवेदन लावायचं होतं. पण कागद फाडायचा तर वहीतून फाडावा लागला असता.

६४ नंबरची बस तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या दिशेने जाते आणि खिसेकापूंसाठी नावाजलेली आहे. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी शर्टाच्या आत, पोटावर बांधायचे पाऊच आणले होते. त्यांतून पैसे काढायला चोराला दहा मिनिटं लागली असती. आम्हाला बारा लागायची. पिझ्झाच्या दुकानासमोर शर्टाची मधली दोन बटणं सोडून पोटात हात घालून उभा असलेला मध्यमवयीन माणूस दिसला की रोमचे लोक सहानुभूतीने बाजूला होतात.

पिझ्झा तिथे वजनावर मिळतो. मोठ्या आयताकृती तव्यातून कात्रीने हवा तेवढा तुकडा कापतात, तराजूवर टाकतात आणि हातात देतात. खायचा अर्थात उभ्याने. बटाट्याचे पातळ काप लावलेला एक प्रकार आहे, तो शाकाहारी माणसाचा तारणहार. ‘सुप्ली’ नावाचे तळलेले भाताचे गोळे मात्र दिसतात साधे, पण आत बहुधा मांसाचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय उचलू नयेत. ज्यांना अगदीच वरणभाताची ओढ लागते त्यांनी तेर्मिनीजवळच्या एस्क्विलिनोच्या मंडईत जावं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, डाळी, सगळं आहे. भेंडी पाहून ताईंच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते पांथिऑनचा घुमट पाहून आलं नव्हतं. तिथली बरीच दुकानं बांगलादेशी लोकांची, आणि स्मारकांसमोर ऊन असलं तर टोप्या आणि पाऊस आला तर पुढच्याच मिनिटाला छत्र्या विकणारेही बरेचसे तेच. आम्हाला पाहिलं की हिंदीत हाक मारत. साडूंशी पाच मिनिटं घासाघीस केल्यावर त्यांच्यातल्या एकाने छत्री परत पिशवीत टाकली आणि मनापासून सल्ला दिला, ‘भाईसाब, आप रहने दो. बारिश रुक जाएगी.’ थांबला.

तिकिटाशिवायच्या दर्शनांत साडूंचं सर्वांत लाडकं ठरलं ते अव्हेंतिनो टेकडीवरचं एक कुलपाचं भोक. माल्टाच्या सरदारांच्या मठाचा बंद दरवाजा आहे. त्याच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला की दुतर्फा कातरलेल्या झाडांच्या बोगद्यापलीकडे सेंट पीटर्सचा घुमट बरोबर मधोमध दिसतो. गंमत अशी सांगतात की आतली बाग त्या सरदारांच्या सार्वभौम संघाची, मधलं शहर इटलीचं आणि पलीकडचा घुमट व्हॅटिकनचा, म्हणजे एका भोकातून तीन देश. साडू वाकले, पाहिलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. परत पाहिल्यावर म्हणाले, संघाला स्वतःची भूमी नाही, नुसते पासपोर्ट आणि पोस्टाची तिकिटं आहेत, तेव्हा त्याला पूर्ण देश धरता येणार नाही. वहीत नोंद आहे: ‘देश: अडीच. दर: ०.’ खाली त्या टूर कंपनीच्या आठ देशांचा माणशी दर लिहून भागाकार केलेला आहे. शून्याने.

शेवटच्या रात्री दोघी बहिणींनी एकमुखाने जाहीर केलं की आज टेबलावर बसून, ताटलीतून, काट्याने जेवायचं. आम्ही त्रास्तेव्हेरेतल्या एका गल्लीत बसलो. काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरपूड घातलेला पास्ता, साधा आणि उत्तम. रोमच्या लात्सिओ प्रांतात टेबल-खुर्चीचा वेगळा आकार लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेवढेच पैसे पावाच्या नावाने लावतात. पाव आम्ही मागितला नव्हता. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात माणशी दोन युरो लिहिलेले साडूंनी शोधून काढले, आणि मला वाटलं, आता उठायचं. पण ते उठले नाहीत. उलट खुर्ची टेबलाजवळ ओढून नीट, पाठ टेकून बसले.

इटलीत तुम्ही मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही. ते आणणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं समजतात. आणि साडूंचा नियम असा की समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे दोन जुने शिष्टाचार त्या गल्लीत समोरासमोर आले. जेवण संपलं. ताटल्या गेल्या. शेजारची टेबलं रिकामी झाली. वेटर येऊन हसून जायचा, साडू हसून मान हलवायचे. ताईंनी दोनदा जांभई दिली. माझ्या बायकोने बिलाची खूण करायला हात उचलला तो साडूंनी हळूच खाली घेतला.

वेटरने पलीकडच्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवायला सुरुवात केली तेव्हा साडूंनी वही काढली, दोन युरोंना बसलेल्या वेळाने भागलं आणि पान माझ्याकडे वळवलं.

‘आत्ता खुर्ची तासाला पंचाहत्तर सेंटांना पडतेय,’ ते म्हणाले. ‘आणखी चाळीस मिनिटं काढली तर साठवर येते.’ आणि ताईंकडे वळून, ‘तू पाय वर घेऊन बस की निवांत.’